लवंगेचं तेल पेल्याच्या तळाशी बसतं

वाचकाचं पत्र: "मी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ३८. माझ्या तोंडाला वास येतो असं नवऱ्यानं मध्यंतरी चाचरत सांगितलं, तेव्हापासून वर्गात मुलांच्या वहीवर वाकायलाही नको वाटतं. ऑनलाइन पुदिना, लवंग, निलगिरी आणि टी ट्री अशा चार तेलांचा संच मागवला. एका व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे अर्धा पेला कोमट पाण्यात लवंग तेलाचे पाच थेंब टाकून चुळा भरल्या. पहिल्या दोन-तीन चुळांना काही झालं नाही, शेवटच्या चुळीला मात्र गालाच्या आतून आग आग झाली. दुसऱ्या दिवशी तिथली पांढरी साल निघाली. शेजारच्या काकू म्हणतात, दोन थेंब पोटातच घे, वास मुळापासून जाईल. कोणतं तेल, किती आणि कसं वापरायचं? उपासाच्या दिवशी वास जास्त येतो, तो का? माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला हे चालेल का? सासूबाईंना वरची कवळी आहे आणि खालच्या दातांना त्या मिश्री लावतात, त्यांचं काय करू?"
– एक वाचक, सातारा जिल्हा

ताई,

'शेवटच्या चुळीला' या तुमच्या दोन शब्दांतच घोटाळा कुठे झाला ते कळतं. पाच थेंब म्हणजे साधारण ०.२ मिलिलिटर तेल. अर्ध्या पेल्यातल्या शंभर मिली पाण्यात ते सगळीकडे सारखं पसरलं असतं, तर प्रमाण ०.२ टक्के झालं असतं. एकट्या लवंगेसाठी ते जरा जास्तच, पण साल निघावी इतकं नाही. अडचण अशी की ते पसरलंच नाही. लवंगेचं तेल पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा जड असतं. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन एक थेंब टाका आणि उजेडात धरून बघा: पिवळसर मणी होऊन तो तळाशी जाऊन बसतो. वरच्या चुळा तुम्ही वासाच्या पाण्याने भरल्या, आणि शेवटच्या चुळीत जवळजवळ निव्वळ तेल गालाला लागलं. लवंग तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. निव्वळ युजेनॉल तोंडाच्या नाजूक त्वचेला भाजतं. निघालेली पांढरी साल म्हणजे तो भाजल्याचाच व्रण.

पुदिन्याचं उलटं. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तवंग धरतं आणि पहिल्याच घोटाला ओठ-जिभेला झोंबतं. पाणी कोमट केल्यानं तेल मिसळत नाही, फक्त वाफेबरोबर डोळ्यांत जातं.

आधी तो गाल बरा होऊ द्या. आठ-दहा दिवस तिखट, गरम चहा आणि कुठलंही तेल बंद. अर्धा चमचा मीठ पेलाभर पाण्यात घालून दिवसातून दोन-तीनदा गुळण्या पुरतात. दोन आठवड्यांनंतरही पांढरा चट्टा किंवा जखम राहिली तर दंतवैद्यांना दाखवायलाच हवं. तोंडातली दोन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम दाखवायची असते. पुन्हा कधी तेल झोंबलंच तर लगेच पाण्याकडे धावू नका, पाण्यानं ते धुतलं जात नाही. चमचाभर खोबरेल, गोडेतेल किंवा दूध तोंडात फिरवून थुंका, मग पाणी. डोळ्यात उडालं तर मात्र भरपूर पाण्यानं पंधरा मिनिटं डोळा धुऊन थेट डॉक्टरांकडे.

काकूंचा सल्ला मानू नका. एक तर तोंडाच्या वासाचं मूळ बहुतेक वेळा पोटात नसतंच. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, पोटातला वास सतत वर येत राहत नाही. दहापैकी आठ-नऊ जणांचा वास तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या एक तृतीयांश भागावरच्या पांढुरक्या थरात, दातांच्या फटींत आणि हिरड्यांच्या खाचांत हवेशिवाय जगणारे जिवाणू असतात. अन्नकण, लाळ आणि गळालेल्या पेशींतली प्रथिनं ते कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. सडक्या अंड्यासारखा येतो तो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या कोबीसारखा येतो तो मिथाइल मरकॅप्टन. दुसरं म्हणजे सुगंधी तेल पोटात घेणं हा साधा खेळ नाही. निलगिरी तेल काही मिलिलिटर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, टी ट्रीनं गुंगी येऊन तोल जातो, आणि मुलांनी पाच-दहा मिली लवंग तेल प्यायल्यावर यकृत निकामी होऊ लागल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

म्हणून तेलाच्या बाटलीचं झाकण उघडण्याआधी वास कुठून येतो ते बघा. तोंडासमोर ओंजळ धरून फुंकणं उपयोगाचं नाही, आपलं नाक आपल्या वासाला सरावलेलं असतं. त्याऐवजी स्टीलचा चमचा उलटा धरून जिभेच्या अगदी मागच्या भागावरून हलका ओढा, मिनिटभर थांबा आणि मग चमच्याचा वास घ्या. मग मागच्या दाढांच्या फटींतून फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक धागा, फिरवून त्याचा वास वेगळा घ्या. चमच्याला वास असेल तर दोष जिभेचा. फ्लॉसला वास असेल, त्यातही धागा लालसर झाला असेल, तर दोष हिरड्यांचा, आणि तिथे जगातलं कुठलंही तेल पुरं पडत नाही. हिरडीच्या खाचेत चिकटून बसलेलं किटण दंतवैद्यानं उपकरणानं खरवडून काढल्याशिवाय (स्केलिंग) निघत नाही.

दोष जिभेचा निघाला तर काम सोपं आहे. टंग क्लीनर, स्टीलचा असो की तांब्याची जुनी पट्टी, मागून पुढे ओढायचा. चार-पाच वेळा, दर वेळी नळाखाली धुऊन. बहुतेकजण फक्त जिभेचं टोक खरवडतात, कारण मागे गेलं की ओकारी येते. जीभ पूर्ण बाहेर काढून श्वास हळू सोडत पट्टी ओढली की ओकारी बरीच कमी होते. रक्त येईपर्यंत घासायचं नसतं. फक्त मुलायम थर निघायला हवा.

तुमचा पेशाही या वासात भर घालतो. सलग चार-पाच तास बोललं की तोंड कोरडं पडतं, आणि लाळ आटली की जिवाणूंचं फावतं. सकाळी उठल्यावरचा वासही याच कारणानं येतो. मधल्या सुट्टीत चहाऐवजी पाणी आणि दर तासिकेला दोन घोट पाणी, एवढ्यानंही फरक पडतो. सर्दीच्या, नैराश्याच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं. तशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, स्वतःहून बंद करू नका. उपासाचा वास निराळा. पोटात काही नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि ते फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतात. कच्च्या लसणीचंही असंच, तिचा एक गंधकी घटक रक्तात मिसळून कितीतरी तास श्वासातून येत राहतो. अशा दिवशी माउथवॉश वाया जातो. लसणीसाठी जेवणाबरोबरच सफरचंद, पुदिन्याची पानं किंवा दूध घेतलं तर थोडा उतार पडतो.

आता तेलं. ती निरुपयोगी मुळीच नाहीत. लिस्टरिन हा माउथवॉश १८७९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे जोसेफ लॉरेन्स यांनी तयार केला. त्याच्या मूळ पाककृतीत वनस्पतितेलांतलेच चार घटक आहेत: ०.०६४ टक्के थायमॉल, ०.०९२ टक्के युकॅलिप्टॉल, ०.०६० टक्के मिथाइल सॅलिसिलेट आणि ०.०४२ टक्के मेंथॉल. चारही मिळून पाव टक्का. जिवाणूंची बाहेरची भिंत फोडायला तेवढं पुरतं. पण हे घटक पाण्यात धरून ठेवायला त्यात वीस टक्क्यांहून जास्त अल्कोहोल घातलेलं असतं. घरगुती कृतींमध्ये नेमका हाच धरून ठेवणारा भाग गायब असतो. मीठ किंवा खाण्याच्या सोड्यात थेंब चोळून मग पाण्यात घालायची युक्ती सांगतात, ती फसवी आहे. मीठ विरघळलं की तेल पुन्हा मोकळं. ग्लिसरीनमध्येही ते विरघळत नाही.

घरी करायचंच असेल तर दोन रस्ते आहेत.

पहिला, तेलात तेल. सुगंधी तेल पाण्याशी फटकून वागतं, पण तिळाच्या तेलात ते पूर्ण मिसळतं, मणी नाही की तवंग नाही. काचेच्या कोरड्या बाटलीत शंभर मिली घाण्याचं तीळतेल घ्या, त्यात पुदिना तेलाचे चार थेंब आणि लवंग तेलाचा एक थेंब टाकून हलवा. सकाळी दात घासण्याआधी यातलं एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिली, तोंडात घेऊन तीन ते पाच मिनिटं फिरवा. आयुर्वेदात तोंड गच्च भरून न हलवता धरतात तो गंडूष, आणि खुळखुळवता येईल इतपत घेतात तो कवल. इथे कवल हवा. वीस मिनिटं धरायचा अट्टहास नको, जबडा दुखण्यापलीकडे त्यातून फार काही हाती लागत नाही. तेल दुधाळ झालं की समजा काम झालं. ते गिळायचं नाही आणि बेसिनमध्येही थुंकायचं नाही. खोबरेल असेल तर २४ अंशांखाली ते गोठतं आणि थंडीत पाइप तुंबतो. जुन्या कागदात थुंकून कचऱ्यात टाका, मग जीभ आणि दात घासा. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी हा प्रकार करू नये, कारण तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते.

दुसरा रस्ता पाण्याचा. त्यासाठी तेल पाण्यात धरून ठेवणारं पॉलिसॉर्बेट २० लागतं, साबण आणि सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे ते मिळतं. मागताना फूड ग्रेड मागा. दोनशे मिली उकळून गार केलेलं पाणी, पुदिन्याचे चार थेंब, लवंगेचा एक, आणि एक मिली पॉलिसॉर्बेट, म्हणजे तेलाच्या चार-पाच पट. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोरड्या बाटलीत फक्त तेल आणि पॉलिसॉर्बेट मिनिटभर गोल फिरवायचं, दोन्ही एकजीव होऊन पारदर्शक झालं की मग पाणी थोडं थोडं ओतायचं. पाणी आधी ओतलं की मिश्रण गढूळ होतं आणि बाटलीच्या गळ्याशी तेलाचं कडं धरतं. झाल्यावर उजेडात धरा. वर इंद्रधनुषी तवंग किंवा तळाशी मणी दिसला तर ओतून द्या, 'हलवून घेऊ' म्हणत वापरू नका. चव किंचित साबणासारखी कडवट लागते, ती पॉलिसॉर्बेटची. यात टिकवायचं काही घातलेलं नाही, म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि पाच दिवसांनी उरलेलं फेकायचं. दहा मिली तोंडात अर्धा मिनिट खुळखुळवा आणि थुंका. रात्री दात घासल्यावर लगेच नको, पेस्टमधलं फ्लोराइड धुऊन जातं. तुम्हाला दुपारच्या डब्यानंतरची वेळ सगळ्यात सोयीची.

खरं विचाराल तर तुमच्यासाठी याहून सोपी वस्तू स्वयंपाकघरातच आहे: ओवा. त्याच्या तेलाचा मुख्य घटक थायमॉलच, लिस्टरिनमधला तोच. एक चहाचा चमचा ओवा किंचित चेचून पाव लिटर पाण्यात घाला, झाकण ठेवून पाच मिनिटं उकळा, झाकणासकट गार होऊ द्या आणि गाळा. झाकण नसलं तर घर ओव्याच्या वासानं दरवळतं आणि पाण्यात काहीच उरत नाही. चमचाभर ओव्यात तेल असतं साधारण दोन थेंब, आणि थायमॉल पाण्यात थोडं का होईना विरघळतं, त्यामुळे भाजण्याची भीती नाही. त्याच दिवशी संपवायचं. आयुर्वेदिक दुकानात ओव्याचं फूल म्हणून जे स्फटिक मिळतात, ते मात्र निव्वळ थायमॉल असतं. ते जिभेवर ठेवायचं नाही. कापूर घातलेलं अमृतधाराही या कामाला नको; कापरानं झटके येतात. तसंच लवंगेचं. अख्ख्या एका लवंगेत अर्धा थेंबही तेल नसतं, आणि तेही चावता चावता हळूहळू सुटतं. जेवणानंतर एक लवंग दाढेखाली धरली की लाळही सुटते. बडीशेपही चांगली. (विड्यात सुपारी घालून मुखशुद्धी करायची असेल तर त्यापेक्षा वास परवडला.)

संचातल्या बाटल्यांकडे जरा नीट बघा. लेबलवर 'फ्रेग्रन्स ऑइल' किंवा 'अरोमा ऑइल' लिहिलं असेल तर ते तोंडात घालायचं नाहीच, ते उदबत्ती-मेणबत्तीचं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं. पुदिन्यातही दोन प्रकार: मेंथा पायपरिटा आणि मेंथा आर्वेन्सिस. उत्तर प्रदेशात पिकतं ते प्रामुख्यानं आर्वेन्सिस, त्यात मेंथॉल सत्तर टक्क्यांच्या वर जातं, पायपरिटात ते तीस ते पन्नासच्या दरम्यान असतं. आर्वेन्सिस असेल तर चारऐवजी दोन थेंबच घ्या. भेसळ ओळखायची तर टीपकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. अस्सल पुदिना तेल उडून जातं, सकाळी तुपकट डाग उरला तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं आहे. मिश्रण प्लास्टिकच्या बाटलीत भरू नका, ही तेलं काही प्लास्टिकं मऊ करतात. बाटली उघडून वर्ष-दीड वर्ष झालं आणि वासाला टर्पेंटाइनची झाक आली असेल तर ते तेल खराब झालंय, आणि शिळं तेल ताज्यापेक्षा जास्त झोंबतं.

दालचिनीच्या तेलापासून चार हात लांब राहा, त्याची ॲलर्जी तोंडात पटकन उठते. सांधेदुखीवर चोळायचं विंटरग्रीन तेल तर घरात मुलांच्या हाताला लागेल असं ठेवूही नका. ते जवळजवळ पूर्ण मिथाइल सॅलिसिलेट असतं, आणि एका चमच्यात ॲस्पिरिनच्या वीसेक मोठ्या गोळ्यांइतका माल असतो. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांना तर ते आणखी धोक्याचं. गरोदरपणात किंवा फिट्सचा त्रास असेल तर वरच्या दोन्ही बाटल्या करू नका, ओव्याचं पाणीही डॉक्टरांना विचारूनच.

मुलाला यातलं काहीही नको. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडाला वास येत असेल तर किडलेली दाढ, टॉन्सिल किंवा रात्री तोंड उघडं ठेवून झोपणं, हे आधी बघायचं. तोंडानं श्वास घेत असेल, घोरत असेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्याला जीभ घासायला शिकवा, तेवढं पुरे. आणि चारही बाटल्या कुलपात. चुकून प्यालाच तर उलटी करवू नका, उलटीत तेल फुप्फुसात जातं. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा, किंवा १०८ ला फोन करा.

सासूबाईंच्या कवळीला बहुतेक वेळा ती रात्रीही तोंडातच राहिल्यानं वास येतो. झोपताना काढायची, मऊ ब्रश आणि भांड्याच्या सौम्य द्रव साबणानं आतून-बाहेरून घासायची, रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. पेस्टनं नाही, पेस्ट खरखरीत असते आणि तिनं पडलेल्या बारीक चऱ्यांत घाण बसते. लवंग तेलात तर मुळीच बुडवायची नाही, कवळीचं ॲक्रिलिक मऊ पडतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्या वासावर पुदिना चढवला तर पुदिना घातलेली मिश्री होईल, बाकी काही नाही. त्यांचा खालचा ओठ आणि गालांच्या आतली बाजू उजेडात एकदा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर वासाचा विचार बाजूला ठेवून याच आठवड्यात दंतवैद्यांकडे न्या.

तुम्ही स्वतः जीभ, फ्लॉस आणि दुपारची चूळ हे दोन आठवडे नेमानं करा आणि चमच्याची परीक्षा पुन्हा घ्या. त्यानंतरही वास तसाच असेल तर हिरड्या तपासून घ्या. हिरड्याही ठीक निघाल्या तर टॉन्सिलच्या खाचांतले पिवळट खडे किंवा सायनस बघायला हवा. श्वासाला फळासारखा गोडसर वास, सोबत खूप तहान आणि थकवा असेल तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही, लगेच रक्तातली साखर तपासायची. दंतवैद्यांकडे जाल तेव्हा लवंग तेल वापरत होते हे जरूर सांगा. युजेनॉलमुळे दातांच्या रंगाचं रेझिन सिमेंट नीट कडक होत नाही, त्यामुळे फिलिंग करायचं असेल तर त्यांना ते माहीत असलेलं बरं.

राहता राहिल्या टी ट्री आणि निलगिरी. निलगिरी सर्दीत रुमालावर थेंबभर, मोठ्यांपुरती. टी ट्री तोंडासाठी नकोच, चवही वाईट आणि गिळलं गेलं तर पंचाईत. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या तर वीस मिली खोबरेलात दहा थेंब घालून लावा. तुमच्याकडे मांजर असेल तर तेही नको, अंग चाटताना तिच्या पोटात जातं.